पाहुणा कोण, यापेक्षा प्रश्न कोण विचारणार?

ज्याच्या राज्यात विरोधक तुरुंगात सडत आहेत, जो लाखो निरपराध माणसांच्या कत्तलीबद्दल भरसभेत शंका काढतो, अशा परदेशी राज्यकर्त्याला विद्यापीठाने भाषणासाठी बोलवावे काय? हा प्रश्न वरवर पाहता दूरदेशीचा आणि मोठ्या लोकांचा वाटतो. रेल्वेत, महापालिकेत, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसाला त्याचे काय, असेही कोणी म्हणेल. पण हा वाद ज्या विद्यापीठात पेटला आणि जगभर गाजला, त्याचे नाव आहे कोलंबिया. आणि कोलंबिया हे नाव आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या याच विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. तिथल्या लेहमन ग्रंथालयात आज त्यांचा अर्धपुतळा आहे. तेव्हा या विद्यापीठाच्या अंगणात कोणाला मान मिळतो आणि कोणाला बाहेर काढले जाते, याची चौकशी करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे आम्ही मानतो.

दुसरेही एक कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासन जी परदेश शिष्यवृत्ती देते, तिच्या आधाराने आपली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांत शिकायला जातात. उद्या अशाच एखाद्या सभागृहात आपली लेक बसलेली असेल आणि समोर असा कोणी सत्ताधीश बोलत असेल. तिने काय करावे? टाळ्या वाजवाव्यात, उठून जावे, की हात वर करावा? याचा विचार घरातही व्हायला हवा.

सप्टेंबर २००७

इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला यायचे होते. कोलंबियाने त्यांना २४ सप्टेंबर २००७ रोजी भाषणासाठी बोलावले. आदल्या वर्षी, २००६ मध्येही विद्यापीठातून त्यांना निमंत्रण गेले होते. पण ते लगेच मागे घेण्यात आले होते. या वेळी विद्यापीठ मागे हटले नाही.

न्यूयॉर्कमध्ये गदारोळ उठला, आणि त्याला कारणही तसेच होते. हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यू माणसे मारली गेली. पुरुष, बायका, तान्ही मुले, कोणी सुटले नाही. अहमदीनेजाद या संहाराला दंतकथा म्हणत होते. डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या सरकारने तेहरानमध्ये या विषयावर एक परिषदच भरवली आणि संहार नाकारणाऱ्या मंडळींना देशोदेशींहून बोलावून घेतले. न्यूयॉर्क हे तर ज्यूंच्या मोठ्या वस्तीचे शहर. ज्यांचे आजी-आजोबा छळछावण्यांतून परतलेच नाहीत, अशी मुले त्याच विद्यापीठात शिकत होती.

त्यांच्या जागी आपण स्वतःला उभे करून पाहू. उद्या एखादा सत्ताधीश व्यासपीठावर उभा राहून म्हणू लागला की अस्पृश्यता अशी काही नव्हतीच, ती सगळी रचलेली कहाणी आहे, तर आपल्या काळजाला काय होईल? ज्यांनी टाकीपासून दूर उभे राहून वरून ओतलेले पाणी ओंजळीत धरले, त्यांच्या नातवंडांनी हे ऐकून घ्यायचे काय? म्हणून त्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या निदर्शकांचा संताप आम्हाला कळतो. त्याला कोणी असहिष्णुता म्हणू नये.

आत काय झाले, तेही पाहू. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी पाहुण्याची ओळख करून देतानाच त्यांच्यावर तोफ डागली. क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणे तुमच्यात दिसतात, असे त्यांनी तोंडावर सुनावले. संहार नाकारणे हे एक तर निर्लज्ज चिथावणीचे किंवा थक्क करणाऱ्या अज्ञानाचे लक्षण आहे, असेही बजावले. इराणने अटक केलेल्या अभ्यासकांचा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. त्यांतले एक, किआन ताजबख्श, कोलंबियाचेच डॉक्टरेट होते आणि नुकतेच जामिनावर सुटले होते. अहमदीनेजाद यांनी उत्तर दिले की आमच्या देशात पाहुण्याला बोलावले तर त्याचे बोलणे होण्याआधीच त्याची निंदा करत नाहीत. ऐकून मत बनवण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोडतात. या वाक्याला सभागृहात टाळ्याही पडल्या.

खरा कस लागला तो भाषणानंतर. श्रोत्यांचे प्रश्न विद्यापीठाचे एक अधिष्ठाता जॉन कोट्सवर्थ वाचून दाखवत होते. स्त्रियांच्या हक्कांबद्दल आणि समलैंगिकांना दिल्या जाणाऱ्या फाशीबद्दल प्रश्न आला. पाहुणे अमली पदार्थांच्या तस्करांना आम्ही फाशी देतो, या विषयावर घसरले. कोट्सवर्थ यांनी त्यांना थांबवून सांगितले, प्रश्न तस्करांचा नाही. तेव्हा अहमदीनेजाद म्हणाले की तुमच्या देशासारखे समलैंगिक आमच्या इराणमध्ये नाहीतच. सारे सभागृह हसले, हुर्यो उडाली. ते एक वाक्य दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचले.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अध्यक्षांच्या तोफखान्याने पाहुण्याला सहानुभूती मिळवून दिली. एका साध्या, सरळ आणि पुन्हा विचारलेल्या प्रश्नाने त्याला उघडे पाडले.

तेहरानच्या विद्यार्थ्यांचे काय?

ही कहाणी न्यूयॉर्कमध्ये संपत नाही. खरे तर तिचा महत्त्वाचा भाग इराणमध्येच आहे.

डिसेंबर २००६ मध्ये अहमदीनेजाद तेहरानच्या अमीरकबीर विद्यापीठात भाषणाला गेले होते. तेथील विद्यार्थ्यांनी त्यांच्या तोंडावर हुकूमशाहीविरुद्ध घोषणा दिल्या आणि त्यांची छायाचित्रे जाळली. पुढच्याच वर्षी या विद्यापीठातले काही विद्यार्थी तुरुंगात गेले. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत धर्माचा अवमान करणारा मजकूर छापल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. तो मजकूर आमचा नाही, बनावट आहे, असे ते सांगत राहिले.

आणि कोलंबियातल्या भाषणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ८ ऑक्टोबर २००७ रोजी, अहमदीनेजाद तेहरान विद्यापीठात आले तेव्हा विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे साधे होते. कोलंबियात प्रश्न ऐकून घेता, मग आमचे का नाही? प्रश्न तर आमच्याकडेही आहेत!

आम्हाला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. न्यूयॉर्कच्या सभागृहात परक्या पोरांनी एका सत्ताधीशाला जाब विचारला, आणि हजारो मैलांवर त्याच्याच देशातल्या पोरांना तोच हक्क मागण्यासाठी आधार मिळाला. निमंत्रण रद्द झाले असते तर तेहरानच्या विद्यार्थ्यांच्या हाती हे उदाहरण आले नसते. अर्थात त्याने राजवट बदलली नाही. ताजबख्श यांना २००९ मध्ये पुन्हा अटक झाली, आणि देश सोडण्याची मोकळीक त्यांना मिळाली ती २०१६ मध्ये. एका सभेने तुरुंगाचे दरवाजे उघडत नाहीत, हे आपण चळवळीतली माणसे जाणतोच. पण प्रश्न विचारता येतो, हे एकदा लोकांनी डोळ्यांनी पाहिले की ते विसरले जात नाही.

१९३३ चा पाहुणा आणि १९३६ चा विद्यार्थी

याच कोलंबियाचा जुना इतिहास मात्र वेगळा आहे, आणि तोही आपण वाचलाच पाहिजे.

बाबासाहेब शिकत होते तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते निकोलस मरे बटलर. मोठे नाव, १९३१ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी. १९३३ साली हिटलर जर्मनीत सत्तेवर आला. त्याच वर्षी १० मे रोजी जर्मन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी चौकाचौकांत पुस्तकांच्या होळ्या केल्या. कोलंबियाचे थोर मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांची पुस्तकेही नाझींच्या या होळीत गेली. ज्या गोल्डनवायझर यांच्या वर्गात बाबासाहेबांनी आपला निबंध वाचला, ते याच बोआस यांचे विद्यार्थी. वंशावरून माणूस उच्च-नीच ठरत नाही, हे बोआस आयुष्यभर शास्त्राच्या आधारे सांगत आले होते.

तरीही डिसेंबर १९३३ मध्ये हिटलर सरकारचे अमेरिकेतील राजदूत हान्स लुथर यांचे कोलंबियात भाषण झाले. विद्यार्थ्यांनी विरोध केला. बटलरसाहेबांचे म्हणणे पडले की मित्रराष्ट्राच्या प्रतिनिधीचे आदराने स्वागत करणे हे आपले कर्तव्य आहे. विरोधाच्या पत्रावर सही करणाऱ्या कला विषयाच्या एका तरुण शिक्षकाची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही.

तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने आपला ५५० वा वर्धापनदिन साजरा केला. तोवर या विद्यापीठातून ज्यू अध्यापकांना काढून टाकण्यात आले होते. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी प्रतिनिधी पाठवायला नकार दिला. कोलंबियाने मात्र पाठवला. याच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी बटलर यांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केली. त्यांचा पुढारी होता रॉबर्ट बर्क नावाचा विद्यार्थी. विद्यापीठाने त्याला काढून टाकले, आणि पुन्हा कधीच घेतले नाही.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवा. २००७ मध्ये पाहुणा वादग्रस्त होता, पण विद्यार्थ्याचा प्रश्न भरसभेत वाचला गेला आणि उत्तर टाळणाऱ्याला अडवले गेले. १९३३ मध्ये पाहुण्याला मान मिळाला आणि विरोधाची सही करणाऱ्याची नोकरी गेली. १९३६ मध्ये विद्यार्थ्याचे शिक्षणच हिरावले गेले. विद्यापीठाने कोणाला बोलावले यावरून आम्ही त्याची पारख करणार नाही. त्या पाहुण्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पोराचे पुढे काय झाले, ते आम्ही आधी विचारू.

ही परीक्षा एकदा देऊन संपत नाही. एप्रिल २०२४ मध्ये गाझातील युद्धाच्या निषेधार्थ कोलंबियाच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाने पोलीस बोलावले आणि शंभरावर निदर्शकांना अटक झाली. सत्ताधीशांना व्यासपीठ देऊन मोकळ्या विचारांचे कौतुक सांगणाऱ्या संस्थेला आपल्याच विद्यार्थ्यांचा आवाज जड होतो, हे तेव्हा पुन्हा दिसले.

निमंत्रण रद्द करावे काय?

काहीजण म्हणतील, ही सगळी यातायात कशाला? अशा माणसाला बोलावूच नये; बोलावले असेल तर रद्द करावे. याचेही उदाहरण आहे, आणि ते आपल्या देशाशी जोडलेले आहे.

२०१३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन या व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांनी भारतविषयक आर्थिक परिषद भरवली होती. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचे दूरदृश्य यंत्रणेद्वारे मुख्य भाषण व्हायचे होते. २००२ च्या दंगलींचा मुद्दा काढून त्याच विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी सह्यांची मोहीम उघडली. मार्च २०१३ मध्ये आयोजकांनी भाषण रद्द केले. विरोधकांचे म्हणणे होते की मुख्य भाषणाचा मान देणे म्हणजे प्रशस्तिपत्र देणे. समर्थकांचे म्हणणे होते की निवडून आलेल्या नेत्याचे बोलणे ऐकूनच न घेणे हा अन्याय. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, मोदी देशाचे पंतप्रधान झाले.

विरोधकांचा मुद्दा हलका नव्हता. पण शेवटी हाती काय लागले? भाषण झाले नाही, तसे प्रश्नही झाले नाहीत. दंगलीतल्या आईबापांच्या वतीने जो प्रश्न त्या सभेत एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता, तो मनातच राहिला.

निमंत्रण रद्द होणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्यांनी शिकवायला नको. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या १९३६ सालच्याच वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी वाचून मंडळी घाबरली. काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी काडीचाही बदल करायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, आणि ते न झालेले भाषण आज आपल्या घराघरांत आहे.

पण येथे एक फरक नीट समजून घ्यावा. बाबासाहेब बोलणार होते ते ज्यांना कोणी बोलूच देत नव्हते अशा कोट्यवधींच्या वतीने. राष्ट्राध्यक्षाची गोष्ट तशी नसते. त्याच्याकडे दूरचित्रवाणी असते, वृत्तसंस्था असतात, फौज असते. कोलंबियातल्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी अहमदीनेजाद संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर बोलले. एका विद्यापीठाने दार लावले म्हणून अशा माणसाचा आवाज बंद होत नाही. म्हणून त्याच्या भाषणस्वातंत्र्याचे गोडवे गाऊन निमंत्रणाचे समर्थन करणे आम्हाला पटत नाही. तेथे ज्याचा हक्क जपायचा तो विद्यार्थी आहे. अशा माणसाला समोरासमोर विचारण्याची संधी त्याला एरवी कोठे मिळणार? संयुक्त राष्ट्रांत विद्यार्थ्याला कोणी उभे करत नाही.

भाषण वेगळे, पदवी वेगळी

ऐकून घेणे आणि गौरव करणे यांत गल्लत होऊ देऊ नये. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना एडिनबरा विद्यापीठाने १९८४ साली सन्माननीय पदवी दिली. गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध लढलेला नेता म्हणून तेव्हा त्यांचा बोलबाला होता. पण त्याच सुमारास त्यांच्या फौजेने देशाच्या माताबेलेलँड भागात हजारो माणसे मारली होती. अखेर २००७ मध्ये विद्यापीठाला ती पदवी काढून घ्यावी लागली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने १९८६ मध्ये दिलेली पदवी २००८ मध्ये परत घेतली.

भाषणात पाहुणा चुकीचे बोलला तर तिथल्या तिथे उठून खोडून काढता येते. अंगावर घातलेला झगा उतरवायला बावीस-तेवीस वर्षे लागली. आपण आपल्या वस्तीतही हे पाहतो. निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी येतो. त्याचे ऐकून घ्यायला हरकत नसते, पण शाल आणि पुष्पगुच्छ देऊन झाल्यावर गटाराचा प्रश्न कोण विचारणार? बाबासाहेबांना जी पदवी मिळाली तिचे मोल राखायचे असेल, तर विद्यापीठांनी ती सत्तेच्या पायाशी वाहू नये.

आमचे म्हणणे

या साऱ्याचा विचार करून आम्ही या मताला आलो आहोत. वादग्रस्त परदेशी नेत्याला विद्यापीठाने बोलवायला हरकत नाही. पण काही अटी पक्क्या हव्यात. पदवी नको, सत्कार नको. भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना हवा, आणि प्रश्न आधी चाळून पाहुण्याच्या पसंतीने निवडलेले नकोत. उत्तर टाळले तर तोच प्रश्न पुन्हा विचारणारा खंबीर माणूस व्यासपीठावर हवा. पाहुणा इतिहास नाकारणारा असेल, तर त्या इतिहासाचा जाणकार त्याच सभेत बोललाच पाहिजे. त्या देशातले छळलेले लोक, परागंदा झालेले विद्यार्थी यांना आत जागा हवी. बाहेर घोषणा देणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागता कामा नये. आणि ही भेट कोणाच्या पैशाने होते आहे, ते सर्वांना कळले पाहिजे.

या अटी पाहुण्याला मान्य नसतील तर त्याने येऊ नये. मग निमंत्रण विद्यापीठाने मोडले असे होणार नाही. प्रश्नांना घाबरून पाहुणाच आला नाही, हे जगाला दिसेल.

आता आपल्या घरातल्या पालकांसाठी दोन शब्द. आपण पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवतो, आणि मग धास्तीने सांगतो, बाबा रे, खाली मान घालून शिक, कोणाच्या तोंडी लागू नकोस. ही धास्ती खोटी नाही. रॉबर्ट बर्कचे शिक्षण गेले, इराणमधली पोरे तुरुंगात गेली. म्हणून आंधळेपणाने पुढे हो, असे आम्ही कोणाच्या लेकराला सांगणार नाही. पण मुलांना एवढे तरी शिकवू या. मोठ्या माणसापुढे उभे राहताना अभ्यास करून जा. शिवी देऊ नकोस. एकच प्रश्न नेमका तयार ठेव, तो चार सोबत्यांना सांगून ठेव, आणि एकटा उभा राहू नकोस. उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न दुसऱ्याने विचारावा.

आणि एखादी मुलगी सुट्टीत घरी येऊन म्हणाली की आमच्या कॉलेजात अमुक नेता आला होता, तर तो काय बोलला हे विचारण्याआधी आपण तिला विचारू या, तुमच्यापैकी कोणी त्याला काय विचारले?